टेबल हललं

शाहेदाआपानं मला भूकंपातून ओढून बाहेर काढलं. भूकंप झाला नव्हता, हा भाग वेगळा.

पण उपकार तो उपकार. म्हणून आधी आपाचं नाव, मग बाकीचा तमाशा. लातुरात आमच्या खानावळीच्या भिंतीला भिंत लावून जिचं पिको-फॉलचं दुकान आहे, ती शाहेदाआपा. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या ओठांत असतानाही बोलणं चालू. (टाचण्या काढल्यावर काय होत असेल, तुम्हीच विचार करा.) मी धर्माबादकडचा. लातुरात माझं रक्ताचं कोणी नाही. इथं आलो त्या वर्षी ईदला आपानं शिरखुर्म्याचा डबा हातात ठेवला आणि म्हणाली, "आजपासनं तू माझा भाऊ. डबा धुऊन दे." तेव्हापासून मी भाऊ आहे, आणि डबे धुतोय.

आता डोळ्यांचं सांगतो. मी आठवीत शाळा सोडली. आई म्हणते परिस्थितीमुळे. खरं कारण असं, की मला फळा दिसत नव्हता. गुरुजींनी विचारलं, "व्यंकट, फळ्यावर काय लिहिलंय?" मी प्रामाणिकपणे विचारलं, "गुरुजी, फळा कुठंय?" गुरुजींना वाटलं मी टिंगल करून राहिलो. त्यांनी मला मारत मारत फळ्यापर्यंत नेलं, आणि तिथं पोचल्यावर मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की फळ्यावर काहीतरी लिहिलेलं असतं! चष्मा लागला तो शाळा सुटल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ना, त्यातलं ते घोडं म्हणजे मी.

चष्म्याचा नंबर वजा साडेसात. आमच्या खानावळीत जेवतात ती सगळी क्लासची पोरं. अख्ख्या मराठवाड्यातून आई-बापांनी डॉक्टर व्हायला पाठवलेली. त्यांच्या भाषेत नंबर म्हणजे एकच, परीक्षेतला. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "मामा, तुमचा नंबर किती?"

"वजा साडेसात."

"आयला! मामाला निगेटिव्ह मार्किंग झालं रे!"

हा पोरगा म्हणजे सुमित. डॉक्टरकीची परीक्षा दुसऱ्यांदा द्यायला बसलेला. पहिल्या वेळचे मार्क विचारले की तो माझ्याकडे दाल मागायचा.

अशा डोळ्यांनी माझं तसं बरं चाललं होतं. चष्म्यावर वाफ यायची, मग मी भाजीच्या जागी ताक वाढायचो, पण क्लासची पोरं सूत्रं पुटपुटत जेवतात. त्यांनाही कळायचं नाही. बिघडलं ते एका दुपारी.

लातुरात "भूकंप" असं कोणी म्हणत नाही. तो पेपरातला शब्द. इथला शब्द एकच: "हललं!" काय हललं, किती हललं, विचारायला कोणी थांबत नाही. ज्यांनी त्र्याण्णवचं ते साल पाहिलं, त्यांनी हा शब्द पुढच्या पिढीला पाळण्यातच शिकवला. शब्द अर्धा ऐकू येतो तोवर माणूस रस्त्यावर असतो.

तर त्या दुपारी पोरांची जेवणं आटोपून मी फळीवर आडवा झालो होतो. जमिनीच्या पोटात गुडगुडलं. पत्रे थरथरले, ताटं वाजली, आणि बाहेरून आरोळी आली, "हललं!" सगळी गल्ली एका दमात रस्त्यावर. मी उशाशी चष्मा चाचपला, हाताला चुन्याची डबी लागली. ती डोळ्यांवर चढवली नाही, एवढीच माझी अक्कल. मग अंदाजानं दाराकडे धावलो, दार सापडलं, पलीकडे उडी मारली, आणि दार ओढून कडी लावून घेतली. थंडगार अंधार. कांद्याचा वास. वाचलो एकदाचा!

बाहेर माणसं मोजली तेव्हा मी कमी भरलो. खानावळीच्या मालकांनी कोठीच्या खोलीचं दार बडवलं.

"कोण हाय आत?"

"मी."

"काय करून राहिलास?"

"जीव वाचवून राहिलो."

"आरं, जगातली माणसं बाहेर पळतेत अन् तू कांद्यात शिरलास व्हय? अन् कडी कशाला लावलीस? भूकंप काय दार वाजवून येतो का?"

गल्ली पोट धरून हसली. जमीन त्या दिवशी तेवढ्यावरच थांबली म्हणून हसली. जास्त काही झालं असतं, तर पंचनाम्यात मी तेलाच्या डब्यांखाली, कांद्यांच्या राशीत, आतून कडी लावलेला सापडलो असतो. आईनं धर्माबादेत काय तोंड दाखवलं असतं?

आपा तेवढी हसली नाही. तिचं माहेर औशाकडचं, भूकंपाच्या पट्ट्यातलं. तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, तेव्हाच मी घाबरलो.

"वेंकट, बैस हितं. मला ढिगाऱ्यातनं एका माणसानं काढलं. हात दिसला, तोंड न्हाई दिसलं. धुराळाच येवढा. कोन होता, आजून ठाऊक न्हाई. त्याला दार कुठं हाय ते दिसत होतं, मला दिसत न्हवतं. येवढाच फरक हाय बघ माणसात. तू डोळे नीट करून घे. लेसर का काय म्हन्तेत ते."

आणि टाचण्या परत ओठांत. विषय संपला.

माझा संपला नव्हता. मी भित्रा माणूस आहे. पोळी उलटतानाही मनातल्या मनात देवाचं नाव घेतो. डोळ्यावर कोणी किरण सोडणार म्हटल्यावर माझी झोपच उडाली. चार ठिकाणी सल्ला विचारला. तो लातुरात भरपूर मिळतो.

सुमितनं वाटीतल्या पाण्यात चमचा बुडवून मला प्रकाशाचं वक्रीभवन शिकवलं. "मामा, तुमचं बुबुळ जरा जास्तच फुगीर. लेसरनं त्याला तासायचं, बास. सोपं हाय."

"तू पाहिलंस कधी?"

"पाहायचं काय त्यात? दोन मार्काला येतंय."

मालकांनी वेगळाच हिशेब मांडला. "चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच म्हन्तेत. मग आत्ता कशाला काढायलास? धा वर्सं दम धर, वजावर अधिक बसून फिटून जाईल."

आईला फोन केला. ती गावाकडच्या पद्धतीनं फोनमध्ये नाही, फोनवर ओरडते. "डोळ्याला हात लावू देऊ नको बापू! कामून करायलास? दिसत न्हाई तर न्हाई! तुझ्या बापाला कुठं काय दिसत होतं? मला बघायला आला अन् माझ्या बहिणीला पसंत करून गेला! चाललाच की संसार!"

शेवटी आपानं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. दवाखाना एका क्लासच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. खाली क्लासच्या फलकावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, वर दवाखान्याच्या फलकावर चष्मा गेलेल्या पेशंटांचे. तेच हार, तेच हसू. "वजा नऊवरून शून्य! हार्दिक अभिनंदन!" शून्य मिळवल्याबद्दल लातुरात फोटो लागतो, अशी ही एकच जागा.

डॉक्टर मॅडम मात्र निघाल्या सरळ. पुण्याकडच्या, हळू बोलणाऱ्या. डोळ्यांत थेंब टाकले, मोठमोठ्या यंत्रांत हनुवटी ठेवायला लावली, आणि विचारलं, "वर्षभरात नंबर बदललाय का?"

"न्हाई मॅडम, वजाचा वजाच हाय."

"छान. नंबर स्थिर हवाच. आणि तुमचं बुबुळ चांगलं जाड आहे. पातळ असतं तर मी नाहीच म्हटलं असतं."

मी आपाकडे अभिमानानं पाहिलं. माझ्या अंगात जाड असं काहीतरी निघालं होतं!

"दुखंल का?"

"दुखत नाही. थेंबांनी डोळा बधिर होतो. पापणी मिटू नये म्हणून छोटा चिमटा लावतो. डोळ्यावर दाब जाणवेल, क्षणभर अंधारेल, जळल्यासारखा वास येईल. घाबरायचं नाही. समोर हिरवा दिवा दिसेल, त्याच्याकडे बघत राहायचं. हलायचं नाही."

"चष्मा जाईलच का?" आपानं विचारलं.

"बहुतेकांचा जातो. एखाद्याला थोडा नंबर राहतो, काही दिवस डोळे कोरडे वाटतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. शंभर टक्के हमी कोणी देत असेल, तर तिथून निघून या."

मी गार पडलो. खालच्या मजल्यावर हमीशिवाय पोराला वर्गात बसवत नाहीत! हमी न देणारं माणूस मी लातुरात पहिल्यांदाच पाहत होतो. आपा मात्र उठली. "चला, खरं बोलणारी भेटली. हिच्याकडूनच करायचं." आपाचा स्वभाव असा. शिंप्यासारखा. एकदा खूण केली की कात्री.

माझ्या डोक्यात एकच शब्द अडकला: हलायचं नाही. मी तर देवळातसुद्धा हलतो!

सुमितनं यावर लातुरी तोडगा काढला. मॉक टेस्ट! या गावात मॉक टेस्टशिवाय कोणी शिंकतही नाही. रोज दुपारी मला खानावळीच्या टेबलावर उताणं झोपवायचं, वर इन्व्हर्टरचा हिरवा दिवा, आणि भोवती भावी डॉक्टरांचा घोळका. कपाळावर ताकानं भरलेली वाटी. वाटी सांडली की नापास.

"मामा, नियम ऐका. डोळा हलला की सोताहून सांगायचं. लपवायचं न्हाई. मोठ्यानं म्हणायचं, 'हलला!' म्हंजी डॉक्टर थांबते."

"हलला!" मी.

"आजून सुरूच न्हाई केलं, मामा."

पहिल्या दिवशी माशी बसली. दुसऱ्या दिवशी मालकांनी हाक मारली. मी रोज "हलला! हलला!" ओरडत ताकानं न्हाऊन निघायचो. पण पोरांनी चिकाटी सोडली नाही; त्यांच्या क्लासातही अशीच पद्धत आहे म्हणे, कळो न कळो, घोकून घ्यायचं. शेवटी शेवटी माझी जीभ इतकी तयार झाली, की काहीही जागचं सरकलं की तोंडातून आपोआप आरोळी निघायची. सुमित म्हणाला, "मामा, तुमी तयार हाव."

ऑपरेशनच्या दिवशी आपा आली, मालक आले, सुमित क्लास बुडवून आला. ("प्रॅक्टिकल हाय," म्हणाला.) बाहेरच्या दालनात एक मोठा टीव्ही. त्यावर आतलं ऑपरेशन नातेवाइकांना दाखवतात, आणि मॅडमच्या तोंडापाशी माइक असतो, म्हणजे त्या काय करतायत ते बाहेरच्यांना कळावं. फार चांगली सोय. त्या सोयीनंच घात केला.

दालनात जवळच्या मुरुडहून मोतीबिंदूसाठी आलेली बरीच म्हातारी मंडळी होती. कुणाच्या डोळ्यांत थेंब घातलेले, कुणाला काळे चष्मे. सगळे टीव्हीवर माझा परातीएवढा डोळा बघत बसलेले. मालकांनी शेजारच्याला अभिमानानं सांगितलं, "आमच्याकडचाच डोळा हाय."

आत उजवा डोळा झालासुद्धा! मॅडमनी सांगितलं तसंच सगळं. दाब, अंधार, हिरवा दिवा, केस जळल्याचा वास. मी हललो नाही. एकदाही नाही! मनात म्हटलं, गुरुजी, आता बघा. पास झालो.

मॅडम म्हणाल्या, "छान. आता दुसरा डोळा." कोणीतरी पायानं कळ दाबली, आणि मी झोपलो होतो ते अख्खं टेबल माझ्यासकट घुर्र करून सरकलं.

हे मॉक टेस्टमध्ये नव्हतं! अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न! पण नियम तो नियम. लपवायचं नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"हललं! मॅडम, हललं!"

डोळा हलला असता तर काही बिघडलं नसतं. डोळा पुल्लिंगी. "हलला" ऐकून लातुरात कोणी उठतही नाही. पण टेबल नपुंसकलिंगी! लिंगाला इतकं महत्त्व असतं हे गुरुजींनी शिकवलं होतं म्हणे. फळ्यावर.

माइकनं इमानेइतबारे माझा आवाज दालनात पोचवला. पुढचं मला नंतर कळलं. टीव्हीत परातीएवढा डोळा थरथरला, आरोळी आली, आणि दालन उठलं! थेंब घातलेले आजोबा एकमेकांचं धोतर धरून जिन्याकडे. काळ्या चष्म्यातल्या आजी त्यांच्या पुढं. दारात मात्र गर्दी तुंबली, कारण चपला बाहेर काढलेल्या होत्या, आणि जीव वाचवायला निघालेली माणसं आपापला जोड शोधत होती! मालकांनी शोधण्यात वेळ घालवला नाही. हाताला येईल तो जोड घातला. खालच्या क्लासनं वरची धावपळ ऐकली आणि क्लासही रिकामा झाला. रस्ताभर पोरं, पोरांना बघून दुकानदार, दुकानदारांना बघून रिक्षावाले.

ऑपरेशनच्या खोलीत तर जादूच झाली. मॅडमच्या हाताखालची माणसं सगळी लातूरची. मी दुसऱ्यांदा "हललं" म्हणेपर्यंत एकही शिल्लक नव्हतं! उरलो आम्ही दोघं. मी धर्माबादचा आणि मॅडम पुण्याच्या.

"काय हललं?" मॅडमनी विचारलं. बिचाऱ्यांना हा शब्दच माहीत नव्हता.

"टेबल."

"ते मीच हलवलंय. आणि हे सगळे कुठं गेले?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. माझ्या एका डोळ्यात धुकं आणि दुसऱ्यात वजा साडेसात, पण गळ्यातला टेप मी ओळखला. आपा! अनवाणी, पदर खोचलेला. तिनं माझं मनगट असं पकडलं, की बुबुळाऐवजी तेच पातळ झालं.

"ऊठ वेंकट! चल!"

"मावशी!" मॅडम किंचाळल्या. "बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!"

"हौ, हौ, बाहेरच नेऊन राहिले! तुमी बी चला ना!"

"अहो, ही निर्जंतुक खोली आहे!"

"छत पडलं तर काय करता निर्जंतुकाला?"

"आपा, टेबल!" मी ओरडलो.

"टेबल राहू दे, तू चल!"

एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं मॅडमना ओढत ती दारापर्यंत आली, तेव्हा कुठं मला पूर्ण वाक्य जमलं. "आपा, जमीन न्हाई हलली, टेबल हललं!"

आपा थांबली. वर छताकडे बघितलं. खाली फरशीकडे बघितलं. मग माझ्याकडे. पण मनगट काही लगेच सोडलं नाही.  

मॅडमनी डोळा तपासला. सगळं ठीक होतं. नशीब, दोन डोळ्यांच्या मधल्या वेळात ओरडलो. खोली पुन्हा पहिल्यापासून स्वच्छ केली, माणसं रस्त्यावरून गोळा करून आणली, आणि मॅडमनी मला बजावलं, "आता काहीही हललं तरी बोलायचं नाही. मी हलले तरी नाही." डावा डोळा गुपचूप पार पडला. माइक बंद होता.

तोवर बातमी धर्माबादला पोचली होती. आईचा फोन मालकांनी उचलला. "लातुरात लई मोठं हललं म्हणं! माझा व्यंकट?"

"तुमच्या व्यंकटनंच हलवलं, मावशी!" मालक म्हणाले. त्यांच्या पायात कोणाचे तरी नवे कोरे बूट होते.

पट्टी नाही, काही नाही. काळा चष्मा, थेंब, आणि चोळायचं नाही, पाणी घालायचं नाही, धुराशेजारी, कांद्याशेजारी जायचं नाही. सकाळी उठलो आणि समोरच्या दुकानावरची पाटी वाचली. उशीला हात न लावता! मग खानावळीत गेलो, आणि आजवर मी पोरांना वाढलेली दाल पहिल्यांदा वाफेशिवाय पाहिली. तळ दिसत होता. बुबुळ तासतात ठाऊक होतं. मालकांनी दालही तासली होती!

एक वाईट झालं. चष्मा गेल्यावर चेहरा उघडा पडला. आई म्हणाली, चष्म्यात बरा दिसत होतास. मालक म्हणाले तेच. सुमितनं तर शास्त्रीय कारण दिलं. "मामा, जाड काचेनं तुमचं तोंड लहान दिसत होतं."

मागच्या महिन्यात जमीन पुन्हा गुडगुडली. खरीच! मी ओरडलो, "हललं!" एकाही पोरानं ताटावरून हात काढला नाही. सुमित म्हणाला, "मामा, नीट सांगा. डोळा का टेबल?"

म्हणून आपा, तुला आधीच सांगून ठेवतो. मागं अख्खं लातूर चपला शोधत होतं, तेव्हा तू अनवाणी आत पळत आलीस. ते मी फेडणार. देव करो आणि कधी न हलो. पण कधी हललंच, तर मी ओरडणार नाही, माझ्या ओरडण्याला आता किंमत नाही. मी सरळ तुझ्या दुकानात आत पळत येईन आणि तुझा हात धरीन. दार कुठं आहे ते आता मला दिसतं. रोज एकदा बघून ठेवतो. आणि तुला ढिगाऱ्यातनं काढलं तेव्हा राहून गेलं, ते या खेपेला होईल. हात धरणाऱ्याचं तोंड तुला दिसेल.

फार आशेनं मात्र बघू नको. चष्म्यात बरं होतं म्हणतात.